तीन मुलखांचं कापड

खुर्ची समोर असताना न बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. उखर्डा मास्तर.

नाव वाचून हसू नका. आमच्या वऱ्हाडात ज्या आईची आधीची लेकरं जगत नाहीत, ती नवं लेकरू उकिरड्यावर ठेवते, पुन्हा उचलते आणि नाव ठेवते उखर्डा. देवाला वाटावं, हे तर टाकाऊच आहे, याला नेऊन काय करायचं. मास्तर स्वतःच हे सांगायचे आणि वर म्हणायचे, "देवानं नाई उचललं, तं डिपुटी काय उचलते मले!" डिपुटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांना अख्खा तालुका भ्यायचा. मास्तर भीत नव्हते असं नाही, पण भ्यायला त्यांना सवड नसायची.

मी मूळचा वर्ध्याकडचा. मॅट्रिक झालो आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या एका रेल्वेच्या गावी हायस्कुलात कारकून म्हणून चिकटलो. गावाचं नाव सांगत नाही. त्या वेळच्या हेडमास्तरांची नातवंडं अजून तिथं आहेत आणि म्हातारपणी मला भांडण नको. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, हुकूम सगळे नागपूरहून यायचे. पण आमच्या गावाहून मावळतीला थोडं गेलं की खानदेश लागायचा, म्हणजे मुंबई इलाखा. आणि दक्षिणेला घाट चढून पार पलीकडे उतरलं की निजामाचं राज्य. त्याला आमच्याकडे मोगलाई म्हणत. लोकांच्या सोयरिकी तिन्हीकडे. लेक इकडे दिलेली, बहीण तिकडे, मामा पलीकडे. आणि माणसं गेली की त्यांच्याबरोबर लेकरंही जायची, यायची.

आता गंमत अशी, की शेती, सोयरीक, वांग्याचं भरीत सगळीकडे एक. शाळेची इंग्रजी मात्र प्रत्येक मुलखाची निराळी. आमच्याकडे ए. व्ही., म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर मिडल, खानदेशात न्यू इंग्लिश स्कूल. आमचा 'क्लास', त्यांचं 'स्टँडर्ड'. आमच्याकडे चौथीनंतर पाचवी, सहावी, सातवी असं सरळ मोजत जायचे. खानदेशात चौथीनंतर पुन्हा पहिलीपासून, इंग्रजी पहिली, इंग्रजी दुसरी. मोगलाईत साध्या शाळेलाही म्हणायचे मदरसा आणि मिडलला वुस्तानिया. आमचा मास्तर नॉर्मल स्कुलात तयार व्हायचा, त्यांचा ट्रेनिंग कॉलेजात. त्या कॉलेज शब्दाचा काय रुबाब! ट्रेनिंग कॉलेजवाला आमच्या नॉर्मलवाल्याशी बोलताना मान अर्धीच वळवायचा. काम दोघांचं एकच, फळ्यावर अ काढायचा.

मला तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होती ती एकच गोष्ट, आमच्या हायस्कुलाची पद्धत. बाहेरच्या मुलखाचा दाखला आला, की त्या लेकराला दोन वर्ग खाली बसवायचं. का, तर आपला अभ्यास कडक. कुणी विचारलं तर म्हणायचं, नियम आहे. मी रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी मला हे सांगितलं आणि मी ते देवाच्या तीर्थासारखं घेतलं.

नोकरीच्या पहिल्याच मोसमात एके दिवशी कचेरीच्या दारात एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत धोतर, बगलेत छत्री, हातात पंच्याचं गाठोडं. गाठोडं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "बाबू, हे वांगे हायेत. घरच्या मळ्यातले. याचा कामाशी संबंध नाई. काम नाई झालं तरी वांगे तुमचेच."

मी म्हटलं, "बसा ना."

"नाई. बसलो की तुमी मले इसरता. उभा मानूस डोयात खुपते."

ते मोताळ्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेचे मास्तर होते. शाळा एका मास्तराची. घंटा वाजवणारे तेच, झाडणारे तेच, शिकवणारेही तेच. जातीनं माळी, घरचा लहानसा मळा. त्या दिवशी ते मोगलाईतून आलेल्या एका पोराचा दाखला घेऊन आले होते. मी दाखला बघितला, उर्दू शिक्का बघितला आणि शहाणपणानं म्हटलं, "मदरशातला आहे होय? मग दोन वर्ग खाली."

मास्तर रागावले नाहीत. टेबलावर दोन्ही हात टेकून वाकले आणि म्हणाले, "बाबू, नाव काय पाह्यता? पोराले वाचायले लावा ना! मदरसा म्हना, मिडल म्हना, पोरगं तं तेच हाय. गावचं नाव बदललं म्हून भाकरीचं पीठ बदलते काय?"

"नियम आहे," मी म्हटलं.

ते पोरगं दोन वर्ग खालीच बसलं. दुपारी कचेरी बंद होईस्तोवर मास्तर उभे होते. जाताना म्हणाले, "यंदा तुमचं चाललं. मी पुढच्या साली येतोच." आणि खरंच, दर साली कुणा ना कुणाचा दाखला घेऊन ते यायचे, गाठोडं ठेवायचे, उभे राहायचे आणि हरून परत जायचे. हरलेला माणूस इतक्या नेमानं येताना मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचं हे वेड कुठून आलं ते मला पुढं कळलं. एकदा मोताळ्याच्या बाजाराला गेलो होतो, तिथून पायी त्यांच्या गावी गेलो. शाळा म्हणजे एक खोली आणि एक ओसरी. भिंतीवर वऱ्हाडाचा नकाशा, पण लोंबणारा, कारण त्याच्या पाठीचं कापडच कुणी तरी सोलून काढलेलं. ते कापड शेजारच्या खुंटीवर. त्यावर बोरूनं आखलेले तीन रकाने. वऱ्हाड, खानदेश, मोगलाई. आणि खाली वर्गांचे आकडे नव्हतेच मुळी! होतं ते असं: 'व्याजाची त्रैराशिकं करतो.' 'इंग्रजीत स्वतःच्या गावावर दहा ओळी लिहितो.' 'भाषांतर करतो, पण काळ चुकवतो.' ओळीला ओळ लावली की कळायचं, इथला सातवीवाला म्हणजे तिथला कोण.

"हे कुठून काढलं?" मी विचारलं.

"कोठून म्हंजे? पाह्यलं. आपल्याले सुटी असते तवा त्याईची शाळा चालू असली, की जातो. मांगं बसतो. पोरं काय करून राह्यले ते लिवून घेतो."

म्हणजे हा गृहस्थ सुटीत भाकरी बांधून कधी बोदवडकडे, कधी घाट ओलांडून जालन्याकडे चालत जायचा, परक्या शाळेत सगळ्यात मागे लेकरांत मांडी घालून बसायचा, मांडीवर पाटी. तिथले मास्तर आधी हसायचे, मग संशय घ्यायचे, मग चहा पाजायचे. दर दोन सालांनी उखर्डा मास्तर कापडावरच्या ओळी खोडून नव्या लिहायचे, कारण कुठल्या तरी मुलखात पुस्तक बदललेलं असायचं.

डिपुटींनी ते कापड पाहिलं तेव्हाचा किस्सा मास्तर रंगवून सांगायचे. डिपुटी ओरडले, सरकारी नकाशा फाडला म्हणून. मास्तरांनी हात जोडले. "सायेब, फाडला नाई, नकाशा हाय तिथंच हाय. पन त्यात नद्या दिसते, डोंगर दिसते. आमचे पोरं कोठी जाते अन् कोठून येते, ते नाई दिसत. म्हून त्याच्या पाठीवर लिवलं." डिपुटींनी वहीत काही तरी खरडलं आणि पाणी न पिताच गेले.

मी गेलो होतो त्याच दिवशी ओसरीत भाकर, ठेचा आणि कांदा खाताना मास्तरांनी मला स्वतःची गोष्ट सांगितली, ती दोन घासांच्या मधे. लहानपणी ते मामाकडे मोगलाईत होते. मदरशात पहिला नंबर. मामा गेला, घरी परत आले, तर इथं दोन वर्ग खाली बसवलं. बाप म्हणाला, पोरगं पुढं जायचं तर मागं चाललं, मग मळ्यात काय वाईट? दहा वर्षं मोट हाकली. मग कुणाच्या तरी दयेनं नॉर्मल स्कुलात गेले आणि खेड्याचे मास्तर झाले. "पोराचं एक साल म्हंजे तुमाले एक रकाना वाटते, बाबू," ते म्हणाले. "बापासाठी ते निमित्त असते." मी वर्षानुवर्षं त्यांच्या पोरांना दोन-दोन रकाने खाली लिहीत आलो होतो.

तरी मी बदललो का? छे! सोमवारी कचेरीत गेलो आणि पुन्हा तोच बाबू.

आणि मग गंगूचं प्रकरण आलं.

गंगू म्हणजे मास्तरांच्याच गावच्या किसन पाटलांची लेक. तेरा-चौदा वर्षांची. लहानपणापासून खानदेशात आत्याकडे वाढलेली आणि तिथं इंग्रजी तिसरी पास झालेली. आत्या वारली, पोरगी बापाकडे परत आली. किसन पाटील मोठे शेतकरी, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मास्तरांना साफ सांगितलं होतं, "यंदाचं साल देतो. मिडल पास झाली अन् तुमच्या नॉर्मलमंधी गेली, मास्तरीन झाली, तं मी आडवा येनार नाई. पन एकच साल. वैशाखात पाव्हने येऊन राह्यले. मी पोरीले दोन-तीन साल बसवून ठेवनार नाई."

खानदेशची इंग्रजी तिसरी म्हणजे आपली सातवी. म्हणजे गंगू आठवीत बसायला हवी. आठवी पास की मिडल संपलं. आमच्या पद्धतीनं ती सहावीत बसणार. सहावीत बसली की तिचं शिक्षण तिथंच संपलं आणि वैशाखात अक्षता. इतकी साधी गोष्ट होती.

शाळा उघडून आठवडा झाला होता, पोरं दाखल करून घ्यायला चार दिवस उरलेले. सोमवारी सकाळी मास्तर आले. वांगी नव्हती. "यंदा वांगे नाई आनले," म्हणाले. "यंदा मले कामच पाह्यजे."

मी त्यांना हेडमास्तरांकडे नेलं. आमचे हेडमास्तर पुण्याचे. विद्वान, शिस्तीचे, करकरीत स्वच्छ मराठी. मास्तर म्हणाले, "सायेब, या पोरीचा आठवीत दाखला मले करून द्या."

"'मले' नव्हे मास्तर, 'मला'," हेडमास्तर म्हणाले. "शिक्षकानं तरी शुद्ध बोलावं."

"हाव सायेब. मला. दाखला मात्र मले द्या."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात लपवलं. हेडमास्तर हसले नाहीत. म्हणाले, "परप्रांतीय दाखला दोन वर्ग खाली, असा नियम आहे."

"कोन्त्या पुस्तकात लिवला हाय? मले दाखवा. पुस्तकात असन तं मी आत्ता घरी जातो."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्या काढून दाखवा यांना."

मास्तर बाहेर येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. संध्याकाळी धर्मशाळेत गेले. मंगळवारी सकाळी कुलूप काढायला मी आलो, तर हे दारात.

मंगळवारी मी खात्याचं नियमांचं जाड पुस्तक काढलं. पानन् पान पालथं घातलं. मग हुकुमांची फाइल. मग जुनी फाइल, जिला वाळवी लागली होती. नियम कुठंच नव्हता! शेवटी सहज दाखल्यांच्या रजिस्टरचा पुठ्ठा उलटला, तर आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: 'परप्रांत — २ खाली.' अक्षर माझ्या आधीच्या कारकुनाचं. तो कधीच वारला होता. कुठल्या तरी काळी बाहेरचं एखादं पोरगं नापास झालं असेल, हेडमास्तर चिडले असतील आणि या बाबानं आठवणीसाठी टिपून ठेवलं असेल. तेवढ्यावर आम्ही इतकी वर्षं लेकरं खाली ढकलत होतो.

आता मी काय करावं? उठून सांगावं, की नाही? मी सांगितलं नाही. हेडमास्तरांना खोटं पाडायचं म्हणजे नोकरीशी खेळ. मी पुठ्ठा मिटला आणि म्हटलं, "शोधतोय." मास्तर म्हणाले, "शोधा. मी हायेच." बुधवारीही मी शोधण्याचं नाटक केलं. ते समोर उभे. दुपारी त्यांनी उभ्यानंच भाकर खाल्ली. कोडगेपणा म्हणतात तो हाच.

गुरुवार शेवटचा दिवस. सकाळीच किसन पाटलांची बैलगाडी आवारातल्या निंबाखाली येऊन थांबली. गाडीतून गंगू उतरली. ठेंगणी, सावळी, केस चापून बांधलेले, छातीशी पुस्तकं. पाटील मास्तरांना म्हणाले, "काय झालं मास्तर? चौथा दिवस हाय. नसन होत तं सांगून टाका. मी पोरीले घेऊन जातो, दोघाईचीबी तंगडतोड नको."

मास्तर काही बोलणार तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, "मास्तर चार दिवस उभे हायेत बाबा. आपन घडीभर थांबू."

बस्. माझं काय झालं कुणास ठाऊक. मी रजिस्टर उचललं आणि सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. पुठ्ठा उघडून त्यांच्यापुढं ठेवला. "साहेब, नियम नाही. हे एवढंच आहे. मला परवापासून माहीत आहे."

हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता माझी रवानगी वर्ध्याला. पण पुस्तकाशी इमान असलेला माणूस होता तो. पुस्तकात नाही म्हटल्यावर त्याला बळ राहिलं नाही. मास्तरांना आत बोलावून म्हणाले, "नियम नाही, हे मान्य. पण प्रथा आहे. मुलगी आठवीच्या लायकीची आहे हे मी कशावरून मानू?"

"परीक्षा घ्या," मास्तर म्हणाले. "पन एकटीची नाई. तुमच्या आठवीच्या साऱ्या पोराईले आजच बसवा, तोच पेपर. सातवी पास होऊनच आले ना ते? ही साऱ्याईच्या खाली आली, तं मी तोंड नाई दाखवनार. सहावीत बी नाई बसवत, पाटील गाडी जुंपून घरी नेईन तिले."

मी मास्तरांची बाही ओढली. पोरीचं अख्खं नशीब एका पेपरावर लावलं होतं त्यांनी! मास्तर गंगूकडे वळले. "काय पोरी? देतं काय?"

"देतो मास्तर," गंगू म्हणाली. तिची मान खाली नव्हती.

आठवीत सव्वीस मुलं होती. गंगू सत्ताविसावी. तिला दाराजवळ एकटा बाक दिला. गणित, भाषांतर, मराठी, भूगोल. मास्तर वर्गाच्या बाहेर, ओसरीत उभे. किसन पाटलांनी बैल सोडून चारा टाकला आणि निंबाखाली बसून राहिले. मी काम करतोय असं दाखवत होतो. रजिस्टरात दोनदा एकच नाव लिहिलं.

दुपार कलली तेव्हा शिक्षकांनी पेपर तपासले आणि हेडमास्तरांनी स्वतः बेरजा केल्या. आम्ही सगळे खोलीत. ते म्हणाले, "मुलगी चौदावी आली आहे."

पाटील म्हणाले, "चौदावी? पयली नाई?"

मास्तर एकदम फुलले. "पयली कायले पाह्यजे पाटील? पयली आली असती तं सायेब म्हनले असते, तुक्का लागला. सत्तावीस पोरं, चौदावा नंबर. तेरा वर, तेरा खाली! बरोब्बर मधात बसली. म्हंजे आठवीचीच हाय ना ती!"

हेडमास्तरांनी तिचे पेपर पुन्हा चाळले. मग म्हणाले, "भूगोलात हिला चारच गुण आहेत."

मी तो पेपर बघितला. प्रश्न होता नागपूर विभागातल्या जिल्ह्यांचा. पोरीनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'मला गिरणा आणि तापी नद्या माहीत आहेत.' बिचारी मुंबई इलाख्याचा भूगोल शिकलेली.

"पाहा सायेब," मास्तर म्हणाले, "तुमच्या दोन पायऱ्या म्हंजे इतक्याच. नागपूरचे जिल्हे. आठ दिवसात पाठ करून घेतो."

हेडमास्तरांनी टाक उचलला आणि रजिस्टरात स्वतःच्या हातानं लिहिलं, आठवी. मग माझ्याकडे रजिस्टर सरकवून म्हणाले, "तो पुठ्ठा पुसा." मी रबरानं पेन्सिल खोडली. इतकी जोरात, की पुठ्ठ्याचा कागद फाटला. मास्तरांनी छत्री उचलली, हेडमास्तरांना वाकून नमस्कार केला आणि दारापर्यंत जाऊन परत वळले. "सायेब, माह्यं एक कापड हाय. ते तुमच्या कचेरीत टांगू द्या." हेडमास्तर म्हणाले, "आणा. आणि मास्तर, तुमचं 'मले' असू द्या."

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण मी दोन दिवस तोंड मिटून बसलो होतो, त्याची किंमत कुणाला तरी द्यायची होती. बुधवारी, मी शोधण्याचं नाटक करत होतो त्याच दिवशी, डिपुटी मास्तरांच्या गावी गेले होते. एका मास्तराची शाळा, दाराला कुलूप. महिन्याभरात हुकूम आला. मास्तरांची बदली पार सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूरच्याही पलीकडे. मळा सोडून, म्हातारी आई सोडून. आमच्या हेडमास्तरांनी त्यांच्या बाजूनं पत्र लिहिलं. त्याचं उत्तरही आलं नाही.

निघण्यापूर्वी मास्तर कापड द्यायला आले. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "मंगळवारीच सांगितलं असतं तर तुम्ही बुधवारी शाळेत असता. माझ्यामुळे झालं हे सगळं."

"उठा बाबू, लोक पाह्यते," ते म्हणाले. "दोन दिवस उभं राहून माह्ये पाय मोडले नाई. अन् सातपुड्यात काय पोरं नाई? पन पुढच्या टायमाले पयल्याच दिवशी सांगजा." मग गाठोडं टेबलावर ठेवलं. "हे वांगे. मळ्यातले शेवटचे."

कापड मी माझ्या टेबलामागं टांगलं. सोळा वर्षं ते तिथं होतं. खानदेशचं लेकरू आलं, मोगलाईचं आलं, की मी त्याला कापडासमोर उभं करायचो आणि म्हणायचो, "वाच बाबा, यातलं तुला काय येतं?" येईल तिथं बसवायचो. दर दोन सालांनी मास्तरांचं कार्ड यायचं: अमुक ओळ खोडा, तमुक लिहा. म्हणजे सातपुड्यातूनही हा माणूस सुटीत हिंडतच होता. त्या कार्डांवर दुसरं काही नसायचं, खुशाली नाही, आशीर्वाद नाही.

गंगू त्या वर्षी मिडल पास झाली. वैशाखात पाहुणे आले, तेव्हा किसन पाटलांनी त्यांना आंब्याचा रस खाऊ घातला आणि परत पाठवलं. पोरगी नॉर्मल स्कुलात गेली. एवढं मला कळलं होतं. पुढचं माहीत नव्हतं.

मग एकदा माझ्या भाचीचं लग्न जमवायला सोनाळ्याकडे, म्हणजे मास्तरांच्याच त्या सातपुड्याच्या पायथ्याला, जायचा योग आला. मोटारीतून उतरून मी एका खेड्यातून चाललो होतो. रस्त्याला लागूनच मुलींची शाळा होती, ओसरीत भरलेली. तीस-पस्तीस मुली मोठ्यानं काही म्हणत होत्या. कान देऊन ऐकलं, तर नागपूर विभागाचे जिल्हे! मी थांबलो. फळ्याजवळ एक ठेंगणी, सावळी बाई उभी होती, हातात छडी, केस चापून बांधलेले. गंगूला ओळखायला मला क्षणभरही लागला नाही.

आणि सगळ्यात मागे, मुलींच्या रांगेनंतर, भिंतीला टेकून उखर्डा मास्तर बसले होते. जमिनीवर, मांडी घालून, मांडीवर पाटी. केस पांढरे कापूस, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. पाटीवर काही लिहीत होते. मी ओसरीच्या कडेला वाकून हळूच म्हटलं, "मास्तर! मी बाबू."

त्यांनी मान वर केली, बघितलं आणि तोंडभर हसले. दात उरले नव्हते.

"मास्तर, तुम्ही आणि बसलात?" मी म्हटलं. "उठा, मी कुठून तरी खुर्ची आणतो."

"आता कायले उठू बाबू?" ते कुजबुजले. "काम झालं ना. आता बसतो."

तेवढ्यात फळ्यावर छडी आपटली.

"मांगं कोन बोलून राह्यलं?"

सगळ्या मुलींनी वळून पाहिलं. मास्तरांनी पटकन मान खाली घातली आणि पाटीवर लिहू लागले. मी पण चपला काढल्या, ओसरीवर चढलो आणि त्यांच्या शेजारी गुपचूप मांडी घालून बसलो.